बारा पूर्णांक आठ

मोटारीची पूजा करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण मोटारीच्या बॅटरीची पूजा करणारा एकही गृहस्थ अद्याप माझ्या दृष्टीस पडलेला नाही. दसऱ्याच्या सकाळी आमच्या सोसायटीच्या आवारात सहज चक्कर टाकावी. झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे, चाकाखाली लिंबे, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, सगळे कसे यथासांग चाललेले असते. पण बॉनेट उघडून, आत कोपऱ्यात धूळ खात बसलेल्या त्या काळ्या डब्याला हळदीचे एक बोट लावावे, असे कुणाच्या मनातही येत नाही. एका अर्थी तेही बरेच आहे म्हणा! कारण तिथे हात घालण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ सारे काढून ठेवावे लागते, आणि सणावारी अंगावरचे दागिने उतरवायला सांगणारा पुरोहित फार काळ टिकायचा नाही.

मला मात्र या डब्याविषयी लहानपणापासून आदर आहे, आणि त्या आदरात भीतीचा अंश बराच मोठा आहे. माझ्या मामांचे सांगलीला बॅटरी चार्जिंगचे दुकान होते. मे महिन्याच्या सुटीत आम्ही भाचरे तिकडे गेलो की माझा मुक्काम घरापेक्षा दुकानातच अधिक असे. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, लग्नातल्या लाउडस्पीकरच्या अशा तऱ्हेतऱ्हेच्या बॅटऱ्या लाकडी फळीवर रांगेने मांडलेल्या असत. त्यांची बुचे काढून ठेवलेली असत आणि आतून मंद आचेवर भात रटरटावा तसा आवाज येत असे. हवेला एक आंबूस, घशाला झोंबणारा वास. मामांच्या प्रत्येक सदऱ्याला आणि धोतराला मिरीएवढी भोके पडलेली. काचेच्या नळीत ॲसिड ओढून, आतला तरंगणारा काटा किती वर येतो हे ते मला दाखवीत, आणि मी मोठ्या गंभीरपणाने तो आकडा पाटीवर लिहीत असे.

मामांचा डावा डोळा अधू होता. माझ्या जन्माआधीची ती हकीकत आजीच्या तोंडून मी अनेकदा ऐकली आहे. चार्जिंग चालू असताना, बटण बंद न करता, घाईघाईने त्यांनी एक चिमटा ओढून काढला. ठिणगी उडाली, तीही आगपेटीच्या काडीएवढीच. पण बॅटरीचे वरचे झाकण फुटून ॲसिडचा फवारा तोंडावर आला. शेजारच्या हॉटेलवाल्याने प्रसंगावधान राखून पाण्याची अख्खी बादली त्यांच्या तोंडावर ओतली आणि पाठोपाठ आणखी पाणी मारीत राहिला, म्हणून उजवा डोळा वाचला. पुढे दुकानाच्या भिंतीवर मामांनी तेलरंगात एवढेच लिहून घेतले होते: ‘आधी बटण, मग चिमटा.’ देवाच्या तसबिरीच्या वर.

त्या ठिणगीने घात का केला हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. बॅटरी पूर्ण भरल्यावरही तिच्यात वीज कोंबीत राहिले म्हणजे ती वीज आतले पाणी फोडू लागते. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. हिशेब अगदी साधा आहे. मोटारीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. एक अँपिअरचा प्रवाह गरज नसताना तासभर चालू राहिला तर सहा कप्प्यांतून मिळून सुमारे अडीच लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत शेकडा चार भाग जरी हायड्रोजन मिसळला तरी ठिणगीचे निमित्त त्याला पुरते. मामांच्या दुकानात दहाबारा बॅटऱ्या एका वेळी रटरटत असत, आणि खिडकी म्हणाल तर एक!

आता तुम्ही म्हणाल, ते जुने दिवस गेले. आता बॅटऱ्या सीलबंद निघतात. बुच नाही, पाणी घालणे नाही, रटरट नाही. माझा पुतण्याही हेच म्हणतो. त्याची स्कूटर तीन आठवडे उभी राहिली आणि बॅटरी बसली, तेव्हा मोटारीचा मोठा चार्जर काखोटीला मारून तो निघालेला पाहून मी त्याला हटकले. तो हसून म्हणाला, “काका, सीलबंद आहे ती. तिला काय होतंय? तुम्ही अजून मामा आजोबांच्या दुकानातच बसलाय!”

या ‘सीलबंद’ शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. आपल्याला वाटते, लोणच्याच्या बरणीसारखे तोंड गच्च बांधलेले. वस्तुस्थिती तशी नाही. एक जात अशी असते, की जिच्यात जुन्यासारखेच पातळ ॲसिड असते. फक्त बुचे काढता येत नाहीत आणि प्लेटांच्या शिशात कॅल्शियम मिसळल्यामुळे पाणी फार थोडे आटते. तिला वायू बाहेर टाकायला बारीक छिद्र ठेवलेलेच असते. दुसऱ्या जातीत ॲसिड काचेच्या तंतूंच्या टिपकागदासारख्या चटईत शोषलेले असते, आणि तिसरीत त्याचा मुरंब्यासारखा घट्ट गोळा केलेला असतो. हा घट्ट प्रकार जर्मनीत १९५०च्या दशकात निघाला आणि चटईचा प्रकार अमेरिकेत १९७०च्या दशकात. यांची युक्ती मात्र खरोखर कौतुक करावे अशी आहे. धन प्लेटेपाशी निघालेला ऑक्सिजन चटईतल्या कोरड्या वाटांनी ऋण प्लेटेपर्यंत पोहोचतो आणि तिथे त्याचे पुन्हा पाणी होते. घरातले पाणी घरातच! परंतु ही फिरती चालते ती वेग बेताचा असेल तोपर्यंत. वीज भराभर कोंबली की वायू इतका साचतो की आतली झडप उघडते आणि तो बाहेर पडतो. मामांच्या बॅटरीचे पाणी आटले तर मामा डिस्टिल्ड वॉटर घालीत. इथे घालायचे कुठून? एकदा गेलेले पाणी कायमचे गेले. म्हणजे जिची काळजी घ्यायला नको म्हणून आपण ती विकत घेतली, तिलाच चार्जिंगच्या वेळी अधिक जपावे लागते. व्यवहारात असे फसवे सौदे आपण नेहमीच करीत असतो.

पुतण्याला मी पंगतीचा दाखला दिला. भुकेला माणूस पहिल्या चार पोळ्या झरझर खातो. तेव्हा वाढप्याने हात आखडता घेऊ नये. पण पुढे पुढे वाढप्याने सावकाश यावे, अर्धीच पोळी वाढावी, आणि शेवटी नुसते ताक विचारावे. चांगला चार्जर हेच करतो. आधी ठरावीक प्रवाह देत राहतो, व्होल्ट १४.४ च्या आसपास चढले की ते तिथेच धरून प्रवाह आपोआप कमी होऊ देतो. आणि पोट भरले की १३.५ ते १३.८ वर उतरून नुसती सोबत करतो. चटईवाल्या बॅटरीला १४.७ पर्यंत सहसा चालते, मुरंबेवालीला १४.४ च्या वर नेऊ नये. नक्की आकडा बहुधा तिच्या अंगावरच छापलेला असतो, तो वाचावा. वाचण्यासाठीच छापलेला असतो. प्रवाहाचे माप सोपे आहे: अँपिअर-तासांचा दहावा हिस्सा. मोटारीची ३५ची बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर. स्कूटरची पाचची असेल तर अर्धा. अर्ध्या अँपिअरच्या जिवाला दहा अँपिअरचा चार्जर लावणे म्हणजे पाच वर्षांच्या पोराला जिलबीच्या पैजेला बसवण्यासारखे आहे.

तो जुना लोखंडी खोक्यातला चार्जर, ज्याच्यावर एक काटा, एक बटण आणि आतून नुसते गुणगुणणे असते, त्याला पंगत कळत नाही. तो वाढतच राहतो. सोळा व्होल्टपर्यंत नेतो, त्याच्या गावीही नसते. सीलबंद बॅटरीला तो लावून रात्री झोपी जाऊ नये. त्यातून आपला उन्हाळा! ऊन चढले की भरण्याचे व्होल्ट थोडे उतरवावे लागतात. पंचवीस अंशांच्या मानाने चाळीस अंशांना सुमारे पाव ते तृतीयांश व्होल्ट कमी. नाही उतरवले तर बॅटरी तापते, तापली की अधिक वीज ओढते, ओढली की आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झाले की डब्याच्या बाजू गौरीच्या करंजीसारख्या फुगतात. फुगलेली, तडकलेली किंवा सडक्या अंड्यासारखा वास मारणारी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावण्याच्या भानगडीत पडू नये. चार्जिंग चालू असताना मधूनमधून हात लावून पाहावे. कोमट लागली तर ठीक, हात ठेववेना इतकी तापली तर बटण बंद करून थांबावे.

चिमटे लावण्याचा क्रम मामांनी शिकवला तोच आजही आहे. जागा हवेशीर, जवळ विडी-काडी-निरांजन नाही. चार्जरचे बटण बंद. आधी तांबडा चिमटा धन टर्मिनलला, मग काळा ऋणाला. आणि बॅटरी मोटारीतच असेल तर काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला. शेवटी बटण. काढताना बटण प्रथम. बॅटरीच उतरवायची असेल तर ऋणाची वायर आधी सोडावी आणि बसवताना ती सर्वांत शेवटी जोडावी. यात सोवळ्याओवळ्याचा भाग नाही. मोटारीचे सगळे अंग ऋणाला जोडलेले असते. धनाचा नट सोडताना पाना जर पत्र्याला टेकला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून वाहतात, आणि मध्ये बोटातली अंगठी आली तर बोट जाते. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असावा. जवळ पाण्याची बादली असावी. ही बादली माझ्याकडे नेहमी असते, आणि शेजारी तिला हसतात.

एवढी उठाठेव मी का करतो, असे आमच्या सोसायटीतले लोक एकमेकांना विचारीत असत. मला कुणी विचारीत नसे, कारण कारण सर्वांना ठाऊक होते. माझ्या पत्नीला गेली काही वर्षे डायलिसिसवर जावे लागते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटेची पहिली पाळी. साडेपाचला मोटार सुरू झालीच पाहिजे. पाळी चुकली तर दुसरी मिळेल की नाही याचा भरवसा नसतो, आणि दोन दिवस साचलेले पाणी अंगात घेऊन थांबणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळते. दुसऱ्यांच्या घरी मोटार न लागणे ही गंमत असते. चारजण येतात, ढकलतात, हशा होतो. आमच्या घरी तसे नाही.

२०२०च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. सोसायटीतल्या मोटारी महिना-महिना जागच्या हलल्या नाहीत. उभी मोटार काही खात नाही अशी आपली समजूत. पण घड्याळ, चोरघंटा, नाना तऱ्हेची इलेक्ट्रॉनिक डोकी तिच्यात जागी असतात. पन्नास सहस्रांश अँपिअर एवढाच त्यांचा शिधा. पण चोवीस तासांचे ते सव्वा अँपिअर-तास होतात. पंधरवड्यात ३५च्या बॅटरीतली निम्मी वीज संपते. मे उजाडला तेव्हा एकामागून एक बॅटऱ्या बसू लागल्या. आमची मोटार मात्र दिवसाआड पास दाखवून रुग्णालयात जात होती, त्यामुळे तिची बॅटरी टवटवीत. आणि केबल घेऊन मीच सगळ्यांच्या दारी. तांबडी आधी मेलेल्या बॅटरीच्या धनाला, मग जिवंत बॅटरीच्या धनाला. काळी जिवंतच्या ऋणाला, आणि तिचे दुसरे टोक मेलेल्या मोटारीच्या इंजिनाच्या लोखंडाला. शेवटची जोडणी जिथे होते तिथेच ठिणगी पडते, म्हणून ती बॅटरीच्या तोंडाशी करायची नाही. एकूण सात मोटारी मी सुरू करून दिल्या. त्यांतल्या तिघांच्या बॅटऱ्या पुढे सहा महिन्यांत गेल्याच. रिकाम्या पोटी पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या क्षाराचे खडे धरतात. पहिल्या काही दिवसांत चार्जिंगने ते विरघळतात, पुढे दगडासारखे होतात. उपाशी ठेवणे हे अति खाऊ घालण्याइतकेच वाईट.

परीक्षा कशी करायची हा खरा कठीण विषय. बऱ्याच सीलबंद बॅटऱ्यांवर एक बारीक डोळा असतो. हिरवा दिसला की सगळे ठीक, असे दुकानदार सांगतो. पण तो डोळा सहा कप्प्यांपैकी एकाच कप्प्यात डोकावतो. उरलेल्या पाच खोल्यांत काय चालले आहे याची त्याला दादही नसते. शिवाय चटईवालीत ॲसिड मोकळे नसतेच, तेव्हा तिला असा डोळा असू शकत नाही. काचेची नळी तर इथे निरुपयोगी. राहता राहिला मल्टिमीटर. साधा घ्यावा, पण घ्यावा.

पहिला आकडा विश्रांतीचा. मोटार बंद करून रात्रभर जाऊ द्यावी आणि सकाळी काही चालू करण्याआधी पाहावे. पातळ ॲसिडवाली १२.६ ते १२.७ दाखवील तर पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे चतकोर. चटईवाली याहून एकदोन दशांश वर असते. भरलेली असताना १२.८ किंवा त्याच्याही पुढे. चार्जर काढल्या काढल्या पाहिले तर आकडा फुगलेला दिसतो. पाहुणे आल्यावर मुले शहाणी दिसतात तसा. आणि नीट चार्ज करूनही जी दहा-साडेदहाच्या वर येत नाही, तिचा एक कप्पा गेला असे समजावे. प्रत्येक कप्पा दोन व्होल्टांचा असतो.

पण विश्रांतीचा आकडा म्हणजे नुसता चेहरा. अंगात ताकद किती हे ओझे उचलायला लावल्यावरच कळते. गॅरेजवाले यंत्र लावून पाहतात: थंडीत मोटार सुरू करण्याची जी अँपिअरची क्षमता बॅटरीवर छापलेली असते तिच्या निम्मा प्रवाह पंधरा सेकंद घ्यायचा, एकवीस अंश उष्णतामानात तेवढ्या वेळात व्होल्ट ९.६ च्या खाली जाता कामा नयेत. घरी मात्र एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मीटर पाहावा. मोटार सुरू झाल्यावर तोच मीटर १३.८ ते १४.४ दाखवू लागला तर आल्टरनेटरही ठीक. तो साडेतेराच्या खाली राहिला तर बॅटरीला दोष देण्यापूर्वी पट्टा आणि आल्टरनेटर पाहावा. पंधराच्या घरात गेला तर आल्टरनेटरच बॅटरीला मारतो आहे.

आमच्या घरी सेल्फ मारण्याचे काम पत्नीकडे असते. तिला वाहन चालवता येते, पण हल्ली चालवत नाही; एवढे मात्र ती हौसेने करते. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. बॅटरीला चार वर्षे होत आली होती. विश्रांतीचा आकडा १२.७, चटईवालीच्या मानाने जरा उतरता पण वावगा नाही. तिने किल्ली फिरवली आणि काटा ९.३ वर गेला. मोटार तरीही पहिल्या झटक्यात सुरू झाली. आदल्या आठवड्यात ९.९ होता, त्याआधी १०.१. मी दुकानात नेली. दुकानदाराने आपले यंत्र लावले आणि म्हणाला, “साहेब, सहा-आठ महिने सहज निघतील. उगीच पैसे कशाला घालवता?”

तो प्रामाणिक माणूस होता. स्वतःचा धंदा बुडवून मला सल्ला देत होता. आणि त्या वर्षी आमचे पैशाचे गणितही फारसे सैल नव्हते. मी घरी येऊन तिला दोन्ही बाजू सांगितल्या. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “अहो, ते तिथलं मशीन आहे ना, त्याच्या आतसुद्धा अशीच बॅटरी असते. गेल्या महिन्यात वीज गेली होती तेव्हा तो टेक्निशियन सांगत होता. वीज गेली तरी रक्त फिरवणारा पंप काही मिनिटं तिच्यावर चालतो.” मी म्हटले, “असते खरी.” ती म्हणाली, “मग ती ते कधी बदलतात? सुरू होईना झाल्यावर?”

मी दुसऱ्याच दिवशी नवी आणली. जुनी दुकानातच दिली आणि किमतीत तिचे पैसे वजा करून घेतले. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याने दोनशे रुपये जास्त कबूल केले होते. पण ते लोक ती कुठेतरी नेऊन फोडतात, ॲसिड नाल्यात ओततात आणि शिसे उघड्यावर वितळवतात, आणि त्यांची मुले तिथेच खेळत असतात. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून शिसे पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराच्या वहीत नोंद झाली, मला पावती मिळाली. पुढचे त्यांचे त्यांनी पाहावे.

शिसे आणि ॲसिडाची ही जोडी प्लाँते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली जमवली. तेव्हापासून किती शोध लागले! आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या, त्यांत लिथियमचे मोठमोठे संच आले. आणि तरीही त्यांपैकी पुष्कळ मोटारींच्या कोपऱ्यात दिव्यांसाठी आणि कुलपांसाठी हा बारा व्होल्टांचा शिशाचा डबा बसलेला असतोच. म्हाताऱ्याला घरातून कुणी काढत नाही, कारण कोठीच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात.

पुतण्याची स्कूटरची बॅटरी मी शेवटी माझ्याकडेच ठेवून घेतली. लहान चार्जर, अर्धा अँपिअर, गॅलरीतल्या फरशीवर, शेजारी बादली. चार्जर हिरवा दिवा दाखवून मोकळा झाला. रात्रभर तिला स्वस्थ पडू दिले.

पत्नीची एक वही आहे. डायलिसिसला जाण्यापूर्वीचे वजन आणि आल्यानंतरचे वजन ती तिच्यात रोज लिहिते, आणि त्याच ओळीच्या शेवटी, माझ्या सांगण्यावरून नव्हे, मोटारीचा आकडा. त्या बुधवारी तिने लिहिले: ‘जाताना ५३.१, येताना ५१. गाडी १२.८.’ मग पेन तसेच हातात धरून तिने गॅलरीकडे पाहिले. मी मीटर लावून आकडा सांगितला, आणि तिने खाली आणखी एक ओळ घातली: ‘स्कूटर ११.९. विनायकला सांगणे, दुकानात ने.’